चोवीस टोपणांची गाडी

जोतीराम कांबळे सर कुणाच्या घरी रिकाम्या हातानं गेले नाहीत, असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, माणूस पेढ्याबिढ्याचा पुडा घेऊन जात असणार. तसलं काही नाही. सर टेस्टर, पकड आणि काळी चिकटपट्टी घेऊन जात. लग्नाला गेले तर मांडवातली विझलेली माळ पेटवत, बारशाला गेले तर डोक्यावरचा कुरकुरणारा पंखा उतरवून घेत. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं पोरांना इलेक्ट्रिशियनचं काम शिकवलेला हा माणूस, पण चार माणसांत त्याला नुसतं बसता येत नसे. हातात काम नसलं की सर खुर्चीच्या अगदी कडेला टेकत, कधीही उठायला बरं म्हणून.

"तुमी माणसांकडं न्हाय जात, त्येंच्या बोर्डाकडं जाताय," शेवंताबाई म्हणायच्या. शेवंताबाई म्हणजे सरांच्या मंडळी, महापालिकेच्या शाळेत मास्तरीण. "उद्या कुणाचं काय बिघडलंच न्हाय तर जाणार कुठं तुमी?"

बाईंचं सगळं उलटं. लहानपणी पोलिओनं डावा पाय वाळलेला, हातात कायमची काठी, पण सगळं आर. के. नगर त्यांच्या ओळखीचं. "सहज आलतो," म्हणत कुणाच्याही दारात उभ्या राहायच्या आणि चहा उकळेपर्यंत त्या घरातलं सगळं सुखदुःख ऐकून मोकळ्या व्हायच्या. सरांना हा सहज शब्द उभ्या जन्मात कधी तोंडातून काढता आला नव्हता. काढायला गेलं की आपण कुणाकडं काहीतरी मागायला आलोय असं त्यांना वाटे.

दोन हजार तीन साली सरांनी पेपरात बातमी वाचली की बेंगलोरला विजेवर चालणारी छोटी गाडी मिळते. क्लच नाही, गिअर नाही. पायात दोनच पायडल आणि दोन्ही एकट्या उजव्या पायानं दाबायची. सरांनी बातमी दोनदा वाचली, मग उठून कात्री आणली. चार महिन्यांनी गाडी दारात आली आणि आयुष्यभर रिक्षावाल्यांच्या मर्जीवर शाळेला गेलेल्या शेवंताबाई त्रेपन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. गाडी इतकी लहान की गल्लीतली पोरं तिला डबी म्हणत. आवाज तर नावाला नाही. फाटकाशी आल्यावर बाई मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवत, नाहीतर घरात कुणाला पत्ताच लागत नसे.

सर स्वतः गाडी शिकलेच नाहीत. "चालवायचं तू, बॅटऱ्या माझ्याकडं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी वाटून घेतलं होतं. बाई उजवीकडं बसत, सर डावीकडं. बसल्या बसल्या बाई काठी पुढं करत आणि म्हणत, "धरा." सर ती दोन गुडघ्यांत उभी धरून बसत. रंकाळ्याला जाताना धरली, शाहूपुरीच्या बाजाराला जाताना धरली, चौदा एप्रिलला बिंदू चौकात जाताना धरली. जवळपास पाच वर्षं हे चाललं. मग दोन हजार आठच्या फेब्रुवारीत आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या.

माणूस गेल्यावर घर खायला उठतं म्हणतात. सरांचं घर खायलासुद्धा उठलं नाही, नुसतं गप्प बसून राहिलं. मुलगा नागसेन पुण्याला नोकरीला. दर रविवारी त्याचा फोन येई.

"जय भीम, बाबा. जेवला?"

"जेवलो."

"गाडीचं काय केलं?"

"बघू."

एवढ्यावर दोघंही दमत. बापाला फोनवर बोलता येत नव्हतं आणि ते पोरगं बापावरच गेलेलं.

गाडीचं सर एवढंच करत होते, की तिला रोज चार्जिंगला लावत होते. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरातून कापून त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला डकवलं होतं. दुपारी बाराला वीज जाई, चारला येई. चारला सर खिडकीतून वायर बाहेर सोडत, प्लग बसवत, आणि चार्जरचा पंखा घूं करून सुरू होई. घरात दिवसभरात तेवढाच आवाज. सर शेजारी पायरीवर चहा घेऊन बसत आणि तो आवाज थांबेपर्यंत उठत नसत. भरलेल्या बॅटरीला आणखी भरून काही होत नाही, उलट न फिरवता ठेवली तर ती मरते, हे त्यांनीच हजार पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. पण शिकवणं वेगळं. सरांना एकटं वाटत होतं आणि ते कुणाला सांगायची त्यांना लाज वाटत होती, एवढीच काय ती गोष्ट होती.

वर्षानं पहिला स्मृतिदिन आला. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, गल्लीतली माणसं खीर खाऊन आपापल्या घरी गेली. नागसेन म्हणाला, आईच्या नावानं काहीतरी दान द्यायला पाहिजे, विहाराला पंखे देऊ या का?

"गाडी देऊ," सर म्हणाले. त्यांनी ते आधी ठरवलं होतं असंही नाही.

गगनबावडा रस्त्याला, बालिंग्याच्या पुढं अपंग मुलींचं एक वसतिगृह होतं. शेवंताबाई कधीमधी तिथं जाऊन पोरींना गणित शिकवत. सरही एकदा गेले होते, पण ते अर्थातच मेन बोर्ड बघायला. वसतिगृहाचे अध्यक्ष आण्णा, बाजार समितीतून निवृत्त झालेले, भरदार मिशांचे गृहस्थ. गाडी दान मिळणार म्हटल्यावर आण्णा स्वतः हार घेऊन आले आणि येतानाच पेंटरला सांगून आले होते.

"दोनी दारांवर बाईंचं नाव घालतो बघा सर, वीतभर अक्षरात! आख्ख्या रस्त्याला दिसाय पाहिजे."

"नको," सर म्हणाले. "नाव नको."

"अवो, पंखा देणारासुदिक पात्यावर नाव घालतंय. तुमी गाडी द्यायला लागलाय!"

"तिला आवडायचं नाही. ती म्हणायची, पंखा फिरायला लागला की नाव कुणाला वाचायला येतंय?"

आण्णा खो खो हसले आणि हार गाडीच्या आरशाला अडकवून मोकळे झाले.

गाडी न्यायला आली ती स्नेहल. कागलकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची पोर, वय चोवीस, लहानपणापासून याच वसतिगृहात वाढली आणि आता तिथंच नोकरीला. कागदपत्रं ती बघायची, बाजार ती करायची, पोरींना दवाखान्यात ती न्यायची. डावा पाय पोलिओनं गेलेला, काखेत दोन कुबड्या. आवाज मात्र कुस्तीच्या मैदानातल्या पंचासारखा. आठ दिवसांत ती गाडी शिकली, आणि नवव्या दिवशी सरांना म्हणाली, "झालं की सर! आता नेतो मी गाडी. आनि काय सांगायचं ऱ्हायलंय काय?"

सांगायचं राहिलेलं असं काही नव्हतं. प्लग कधी लावायचा ते सांगून झालं होतं, चढाला किती दाबायचं ते झालं होतं. आता ही पोरगी गाडी घेऊन जाणार, आणि उद्या दुपारी चारला वीज आली की आपण काय करणार, हे सरांना तिथं फाटकाशी उभ्या उभ्या एकदम दिसलं. आणि जन्मात खोटं न बोललेला माणूस बोलून गेला.

"पाण्याचं राहिलं. बॅटऱ्या आठ आहेत, त्यांना चोवीस टोपणं. दर शनिवारी सगळी उघडून पाणी बघायला लागतं. ते मलाच येऊन करायला लागेल. आत ॲसिड असतंय, नवशिक्याचं काम न्हवं."

"दर शनवारी? तुमाला तरास की वो."

"त्याला काय इलाज?" सर म्हणाले.

खरं तर पंधरा-वीस दिवसांतून एकदा पाणी बघितलं तरी पुरत होतं, आणि नवशिक्यालाही ते तासाभरात शिकवता आलं असतं. पण तोंडातून शब्द गेला होता आणि सरांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट त्या दिवशी त्यांनी रात्रीची भाकरी चवीनं खाल्ली.

तेव्हापासून शनिवार उजाडला की सरांच्या अंगात वारं शिरे. पिशवीत डिस्टिल वॉटरचा कॅन, लहान नरसाळं, आणि हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतलं ॲसिड चोखून तिची ताकद दाखवणारी काचेची नळी. आर. के. नगरातून बसनं गंगावेस, तिथून दुसरी बस बालिंग्याची. दहाच्या ठोक्याला सर वसतिगृहाच्या फाटकात. पहिल्या दिवशी स्वयंपाकीण धोंडुबाई त्यांना ओळखत नव्हती; "कोण पावणं?" म्हणून तिनं हटकलं होतं. नंतर मात्र सर दिसले की ती न विचारता चहा टाकायची.

सर सीट उचलून बाजूला ठेवत, बाह्या दुमडत, आणि एकेक टोपण फिरवत. पोरी पायातली लोखंडी आधाराची कॅलिपर वाजवत भोवती जमा होत. साक्षी नावाची आठ वर्षांची एक चुणचुणीत पोरगी टोपणं मोजायची. "सोळा झाली सर! आता सतरावं!" सर नळीत ॲसिड ओढत, आतला तरंगणारा खुंटा हिरव्या पट्ट्यात थांबला की म्हणत, "पास." पोरी ओरडत, "पास!" अर्ध्या तासाचं काम सर तीन तास पुरवत. मग बल्ब, मग इस्त्री, मग धोंडुबाईचा मिक्सर. जेवायला बसा म्हटलं की सर म्हणत, "काम झालं, निघतो," आणि खरोखरच निघत. स्नेहल किती वेळा म्हणाली, "चला, गंगावेशीपर्यंत सोडतो की." सर नको म्हणायचे. गाडीला हात लावायचं त्यांना चालत होतं, तिच्यात बसायचं चालत नव्हतं. डावीकडची ती सीट त्यांच्या लांब टांगांसाठी मागं सरकवलेली होती, ती तशीच होती.

घरी आल्यावर सहा दिवस. त्या सहा दिवसांविषयी सांगण्यासारखं काही नाही.

दिवाळीनंतर आण्णांनी सरांना ऑफिसात बोलावलं. चेहरा खुललेला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखानदाराचं पत्र आलं होतं. तो वसतिगृहाला गाडीसाठी नव्या बॅटऱ्यांचा पूर्ण संच द्यायला तयार होता. सीलबंद बॅटऱ्या. टोपण नाही, पाणी नाही, कटकट नाही.

"तेवढं तुमी बघून सांगा सर. आपल्या गाडीला बसत्यात का न्हाईत. तुमी म्हणशीला तसं त्येला कळवतो."

सरांनी कागद हातात घेतला. मापं वाचली. मापं बरोबर होती. चार्जरचं एक सेटिंग बदललं की बॅटऱ्या बसणार होत्या. ते काम सरांनी डोळे मिटून केलं असतं. जुन्या बॅटऱ्यांची सहा वर्षं झाली होती. सतराव्या टोपणाखालचं घर, म्हणजे बॅटरीचा तो कप्पा, गेले तीन शनिवार हिरव्या पट्ट्यापर्यंत चढत नव्हतं आणि सर नुसतंच "पास" म्हणत होते. बाहेर साक्षी कुणाला तरी सांगत होती की सर आले, चला टोपणं मोजायला.

"नाही बसायच्या," सर म्हणाले. "चार्जर जुळत नाही."

"आरं तिच्या! मग ऱ्हाऊ दे." आण्णांनी पत्र घडी करून खणात टाकलं. कांबळे सरांच्या शब्दावर शंका घ्यावी असं त्यांच्या मनात आलं नाही. सर खोटं बोलतील असं कोल्हापुरात कुणाच्याच मनात आलं नसतं, आणि सरांना घरी जाताना बसमध्ये तेवढंच टोचत राहिलं.

जानेवारीतला मंगळवार. सकाळी अकराला घरातला फोन वाजला. नागसेनचा नसणार, त्याचा वार रविवार.

"सर, मी स्नेहल बोलतो. गाडी बंद पडलीया. बालिंग्याच्या अलीकडं चढाला. साक्षी हाय संगं, तिला दवाखान्यात न्यायलोय."

सरांनी पायात चप्पल घातली का नाही हेही त्यांना आठवत नव्हतं. रिक्षा करून ते पोचले तेव्हा चढावर ही रांग लागलेली. उसाचा हंगाम, कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर, एकेकाच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, वरपर्यंत लादलेल्या. सगळ्यांच्या पुढं ती डबी, रस्त्याच्या ऐन मधोमध. ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. एका उसवाल्यानं साक्षीला उचलून कडेच्या दगडावर बसवलं होतं आणि हातात उसाचं कांडं दिलं होतं. ती ते खात नव्हती. स्नेहल दोन कुबड्यांवर रस्त्यात उभी राहून एकेका ट्रॉलीला बाजूनं वाट काढून देत होती, आणि घामानं भिजली होती.

"मागचा ट्रॅक्टर वितीवर येऊन थांबला सर," ती म्हणाली. "त्येला ब्रेक लागला म्हणून. साक्षी त्या बाजूलाच बसली हुती."

चार माणसांनी मिळून गाडी कडेला ढकलली. सरांनी सीट उचलली. बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी सतरावं टोपण फिरवलं. आतलं घर मेलेलं होतं. सर गुडघ्यांवर बसून त्या भोकाकडं बघत राहिले. आपण काय केलं हे त्यांना पुरतं कळलं, आणि इतकं वाईट वाटलं की बाई गेल्या त्या दिवसानंतर असं वाटलं नव्हतं. मारलं असतं मी त्या पोरीला, सर मनात म्हणाले, शनिवारच्या तीन तासांसाठी.

"स्नेहल," ते तसेच बसून म्हणाले, "त्या कागलच्या बॅटऱ्या बसतात."

"कुठल्या?"

"आण्णांना पत्र आलं होतं. मी म्हटलं बसत नाहीत. बसतात. अर्ध्या तासाचं काम आहे. मी खोटं बोललो."

"का?"

सरांनी टोपण परत घट्ट केलं. "त्यांना पाणी लागत नाही."

स्नेहलला उमगायला थोडा वेळ लागला. आणि उमगलं तेव्हा तिचा आवाज उसाच्या शेवटच्या ट्रॉलीपर्यंत गेला.

"म्हंजे शनवारी यायला मिळावं म्हणून? आवो सर! ती पोरगी मेली असती की!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती थांबली नाही. "आनि पाणी काय आठवड्याला लागत न्हाय, ते मला ठावं हाय. गाडीच्या खणातल्या पुस्तकात लिवलंय, मी जूनमधीच वाचलंय. बोललो का कधी? म्हटलं, येत्यात तर येऊ देत. पर हे? यायचंच हुतं तर नुसतं यायचं की वो! आमी काय गेटाला कुलूप लावून बसलोय?"

साक्षी दगडावर बसून दोघांकडं बघत होती. सर तिच्याजवळ गेले आणि रिक्षा बोलावून आणतो म्हणाले.

त्याच दुपारी सर आण्णांकडं गेले आणि जे स्नेहलला सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं. आण्णांनी मिशीवरून हात फिरवला, खणातलं पत्र बाहेर काढलं आणि कागलला फोन लावला. तिसऱ्या शनिवारी नवा संच आला. सरांनी एकट्यानं आठही बॅटऱ्या बसवल्या, चार्जरचं सेटिंग बदललं, जोडण्या दोनदा तपासल्या. भोवती पोरी होत्या, पण मोजायला टोपणं नव्हती, म्हणून त्या थोड्या वेळानं पांगल्या. स्नेहल ऑफिसात कुणाशी तरी फोनवर बोलत होती. सर निघाले तेव्हा तिनं काचेतून नुसती मान हलवली. रागावली आहे की कामात आहे, हे सरांना कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही. हायड्रोमीटर त्यांनी धोंडुबाईच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, आता याचं काम संपलं.

पुढच्या शनिवारी सर गेले नाहीत. सकाळी सवयीनं दाढी केली, कपडे घातले आणि पायरीवर बसले. दुपारी बाराला वीज गेली, चारला आली. खिडकीतून सोडायला वायर होती, लावायला काही नव्हतं. सर अंधार पडेपर्यंत तिथंच बसले. रविवारी नागसेननं विचारलं, जेवला? सर हो म्हणाले, आणि ते खोटं होतं.

"बाबा, आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"असाच." नागसेन थोडा थांबला. "आई असती तर म्हणाली असती, कुणाकडं तरी जाऊन या."

"कुणाकडं?" सर म्हणाले. "कुणाचं काही बिघडलेलं नाही."

फोन ठेवल्यावर सर बाईंच्या फोटोकडं बघत उभे राहिले. उद्या कुणाचं काय बिघडलंच न्हाय तर जाणार कुठं तुमी? चेष्टेत विचारलेला प्रश्न तिनं असा दारात आणून ठेवला होता, आणि स्वतः निघून गेली होती. सरांना तिचा राग आला. मग रडू आलं. आवाज न करता रडायचं काही कारण नव्हतं, ऐकायला कुणी नव्हतं, तरी ते आवाज न करताच रडले.

त्याच्या पुढच्या शनिवारी सर निघाले. खुंटीवरची पिशवी घेतली नाही. फाटकापर्यंत गेले, परत आले, टेस्टर तेवढा खिशात टाकला. पुन्हा फाटकापर्यंत गेले, पुन्हा परत आले आणि टेस्टर टेबलावर ठेवून दार ओढून घेतलं. बसमध्ये त्यांना हात कुठं ठेवावेत कळेना. गंगावेशीत उतरल्यावर पेढे घ्यावेत असं मनात आलं. तेही घेतले नाहीत. बालिंग्याची बस आली, ती त्यांनी सोडली. दुसरी आली, तीही सोडली. तिसरीत मात्र चढले, कारण कंडक्टर ओरडला, "आजोबा, येताय का न्हाय?"

वसतिगृहाचं फाटक उघडंच होतं. गाडीच्या जागेवर गाडी नव्हती. धोंडुबाई व्हरांड्यात मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली, सरांच्या हाताकडं बघितलं, पिशवी दिसली नाही तशी कपाळाला आठ्या घातल्या.

"काय वो सर? काय बिघडलंय? कुणी बलावलंय तुमास्नी?"

"नाही."

"मग?"

सरांनी मागं वळून बघितलं. परत फिरावं असं वाटलं. फाटक पाठीमागं दहा पावलांवर होतं.

"काही बिघडलेलं नाही, धोंडुबाई," सर म्हणाले. "सहज आलो."

धोंडुबाईनं एकवार त्यांच्याकडं बघितलं. "मग बसा की," ती म्हणाली, आणि अर्धी मेथी त्यांच्या पुढ्यात ढकलली.

सर बसले. मेथी त्यांना निवडता येत नव्हती. ते देठंसुद्धा पाल्यात टाकत होते आणि धोंडुबाई ती परत बाहेर काढत होती. तिनं त्यांना तिच्या लेकीच्या सासूबद्दल सांगितलं, कबनूरला यंत्रमागावर कामाला जाणाऱ्या जावयाबद्दल सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. उठायचं कारण सापडेना, म्हणून ते बसून राहिले.

तासाभरानं फाटकाशी दोनदा हॉर्न वाजला. सरांच्या हातातली जुडी गळून पडली. गाडी आवाज न करता आत आली होती, मागच्या सीटवर साक्षी होती, आणि स्नेहल खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होती.

"मागल्या शनवारी कुठं हुता?" तिनं विचारलं. आवाज पंचाचाच होता. "पोरी दिवसभर गेटाकडं बघत बसल्या. पाणी नसलं म्हणून काय यायचं न्हाय?"

"मला वाटलं..."

"तुमाला लई वाटतंय. चला, जेवून घ्या. मग मला गंगावेशीत जायाचंच हाय, सोडतो."

त्या दिवशी सर तिथं जेवले. पोरींच्या पंगतीत, भाकरी आणि तीच मेथी. मग गाडीजवळ आले आणि डावीकडच्या दाराशी थांबले. सीट मागं सरकवलेली, होती तशीच. सर आत बसले. पाय बरोबर मावले.

स्नेहल उजवीकडून आत शिरली. दोन्ही कुबड्या कुठं ठेवाव्यात म्हणून तिनं मागं वळून बघितलं. मागं साक्षी पाय पसरून बसली होती. तशी तिनं त्या सरांपुढं केल्या.

"धरा वो जरा."

सरांनी दोन्ही कुबड्या गुडघ्यांत उभ्या धरल्या. हात आपोआप बरोबर जागी गेले. स्नेहलनं पायडल दाबलं, गाडी फाटकातून बाहेर पडली, आणि बालिंग्याचा चढ लागायच्या आत सर सीटवर पाठ टेकून बसले.